मागल्या दारची लाईन

निर्ण्याला रेल्वे आली ती गुंडेरावच्या मागल्या दारी. हौदापासून ओट्यापर्यंत, मोजून बत्तीस फूट. खासदाराला ठाऊक नाही, आमदाराला ठाऊक नाही, नारळ फुटला नाही, फीत कापली नाही. लोक बघायला यायचे आणि बघून झालं की एकेक टोला हाणून जायचे. बी-बियाणं विकणाऱ्या अंकुशरावांनी कुंपणावरून मान घालून विचारलं, "गुंडेराव, हैद्राबादची गाडी कितीला हाय?" शेजारची अक्कम्मा म्हणाली, "मला हौदापातूर एक तिकीट दे गा, गुडघे लई दुखायलेत." गुंडेराव सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा. "हां," म्हणायचा. हसायचा नाही, चिडायचाही नाही. टोला परत आला नाही तर मारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. तसे लोक थोडा वेळ उभे राहायचे आणि घरी जायचे.

हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता, हे आधी सांगायला पाहिजे.

एकतीस वर्षं त्यानं भालकी आणि कमलनगरच्या मधल्या पट्ट्यात रेल्वेची नोकरी केली. रेल्वेत ज्याला चाबीवाला म्हणतात, ते काम. खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, बगलेत एक लाल आणि एक हिरवी झेंडी. उजाडायच्या आत निघायचं आणि आपल्या वाट्याची सहा किलोमीटर लाईन पायी तपासायची. रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकायची, गिट्टी सरकली असेल तर सारायची. सुरुवातीच्या दिवसांत एकदा तो झाडाखाली भाकरी खायला बसला आणि एका शेळीनं त्याची हिरवी झेंडी खाल्ली. लाल राहिली. तेवढ्यात मालगाडी आली. पुढं कामाची टोळी लाईनवर होती म्हणून यानं लाल दाखवून गाडी थांबवली. टोळी बाजूला झाली. आता गाडी सोडायची कशी? हिरवी तर शेळीच्या पोटात. ड्रायव्हर इंजिनातून ओरडतोय, हा शेळीकडं बोट दाखवतोय. शेवटी पळसाची हिरवीगार फांदी तोडून हलवली, तेव्हा गाडी हलली. ही गोष्ट गुंडेरावनं एकदाच सांगितली, बायकोला. पुढची पंचवीस वर्षं ती सुभद्राबाईनंच सांगितली, दर लग्नात, दर बारशात, आणि दर वेळी शेळी थोडी मोठी होत गेली.

सुभद्राबाई म्हणजे त्याची बायको. नवरा लाईनवरच्या कामगारांच्या, म्हणजे गँगच्या, क्वार्टरमध्ये, ती निर्ण्यात. आठवड्याला एकदा तो यायचा. घर तिनं चालवलं, मुलगी तिनं शिकवली, आणि मागल्या दारची ती एवढीशी बाग, दोन गुंठेही नसेल, तीही तिनंच लावली. भिंतीकडेला शेवग्याची तीन झाडं, त्यांच्या सावलीत पुदिना, मेथी, अळू. रेल्वेवाल्याची बायको असून रेल्वेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती म्हणायची, "हुमनाबादला रेल्वे येणार म्हणून माझ्या बापानं या रेल्वेवाल्याला मला दिली. मग पंचशीला झाली, तरी येणारच होती. पंचशीलाचं लग्न झालं, तरी येणारच होती. आली तवा माझे गुडघे गेले होते." तिचं एवढं बोलून झालं की गुंडेराव म्हणायचा, "लाईन टाकायला येळ लागतो, बाई." आणि मग दोघं हसायची.

निवृत्त होऊन तो घरी आला आणि चार वर्षं दोघं एका घरात राहिली. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर. पाचव्या वर्षी, बुद्धपौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, सकाळी पुदिन्याला पाणी घालताना ती खाली बसली. बीदरच्या दवाखान्यापर्यंत पोचली, पण बोलली नाही.

तिथून पुढं गुंडेरावचं काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही, त्यालाही नाही. तो रडला नाही. जलदान विधीला लोक आले, बायका रडल्या, तो पाणी देत फिरला. भूक लागत नव्हती असंही नव्हतं. ताट आलं की जेवायचा, नाही आलं तर नाही. एकदा अक्कम्मानं दिलेल्या आमटीत मीठ टाकायचंच राहिलं होतं. ती धावत आली तेव्हा याचं जेवण उरकलं होतं. "अळणी लागली न्हाई व्हय तुमाला?" म्हणाली. त्यानं आठवून बघितलं. त्याला आठवेना.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. पहाटे पाचला डोळे उघडायचे आणि पाय चालायला मागायचे. मग तो मागल्या दारी यायचा आणि हौद ते ओटा, ओटा ते हौद, असा चालत राहायचा. मान खाली, नजर जमिनीवर. अर्धा तास, तास, कधी ऊन येईपर्यंत. पाऊसकाळ गेला तसा. मेथीचा वाफा पायाखाली गेला, अळूचा गड्डा गेला, आणि जिथं सुभद्राबाई कुणाला चप्पल घालून येऊ देत नसे तिथं एक सरळ, टणक, तांबडी पायवाट पडली. ते त्याला दिसत होतं. दिसलं म्हणून काही वाटलं मात्र नाही.

मुलगी पंचशीला बीदरला नर्स. दर रविवारी यायची, भांडी घासायची, चादरी बदलायची, आणि बापाच्या तोंडाकडं बघत बसायची. दवाखान्यात ओरडणारे पेशंट तिनं सांभाळले होते. न ओरडणाऱ्याचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास तिनं सांगून टाकलं.

"अप्पा, आईचं वर्ष होऊ दे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम इथं करू. त्याच दिवशी मी तुमाला बीदरला घेऊन जाते. घर बंद करायचं."

"हां."

"तुमाला चालंल का?"

"चालंल."

"न्हाई म्हणायचं असंल तर म्हणा की. मी काय बळजबरी करायलेय का?"

गुंडेराव विचार करत राहिला. नाही म्हणायचं असेल तर ते आतून यायला पाहिजे होतं, आणि आत काही हलत नव्हतं. "चालंल," तो परत म्हणाला. ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून उभी राहिली. तिला बाप न्यायचा होता, पण असा, पोतं उचलावं तसा न्यायचा नव्हता. त्यानं एकदा तरी भांडावं, घर सोडत नाही म्हणावं, म्हणजे आपण जिवंत माणसाशी बोलतोय एवढं कळेल, अशी तिची इच्छा होती. ते काही होईना.

आता नागप्पा. नागप्पा त्यांच्या गँगचा मुकादम. वाडवडील मेंढरांमागं फिरलेले, म्हणून रुळांखालचे आडवे स्लीपरही तो कोकरं मोजावीत तसे मोजायचा, दोन-दोन, बोटानं, पुटपुटत. निवृत्त होऊन शेजारच्या वस्तीवर राहतो. गुंडेरावपेक्षा चार वर्षांनी मोठा. आठवड्यातून दोनदा यायचा, ओट्यावर बसायचा, तंबाखू मळायचा, एकटाच बोलायचा आणि जायचा. एके दिवशी त्यानं ती पायवाट नीट बघितली. पायानं दाबली. म्हणाला, "गुंडेराव, भराव चांगला बसलाय की. आता नुसती गिट्टी टाकायची बाकी राहिली."

ही थट्टा होती. पण एकतीस वर्षं ज्यानं मुकादमाच्या तोंडून "गिट्टी टाकायची" ऐकलं आणि टाकली, त्याला थट्टा आणि हुकूम यातला फरक त्या दिवसांत कुठून कळणार? दुसऱ्या दिवशी गुंडेराव खडीच्या क्रशरवर जाऊन चार पोती बारीक गिट्टी घेऊन आला. नागप्पा पुढच्या खेपेला आला तर वाटेवर एकसारखी गिट्टी पसरलेली. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि जरा घाबरत म्हणाला, "बरं. मग स्लीपर."

असं ते काम सुरू झालं. साबणाची अख्खी कांडी मावेल अशा फूटभर लांब प्लॅस्टिकच्या डब्यांत सिमेंट ओतून गुंडेरावनं स्लीपर पाडले, दिवसाला बारा. एकूण एकशे अठ्ठावीस. दोन रुळांत एक वीत अंतर. रूळ म्हणजे लोखंडाची बारीक चौकोनी सळई. चिटगुप्प्याच्या लेथवाल्यानं चाकं कातून दिली. इंजिनाला गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा, आत भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर आणि स्कूटीची बॅटरी. वायपरच्या मोटरला वेग नसतो, पण दम असतो. ती डबा, मागं मालाच्या दोन वाघिणी आणि वाघिणीत एकेक वीट घेऊन माणसाच्या चालीनं निघायची. हौदाला टेकली की पुढचं बटण दाबलं जायचं आणि उलटी फिरायची. लोकांना त्याचं नवल वाटायचं. बनवणाऱ्याला नाही. हात चालत होते. चालणाऱ्या हातांच्या मागं तो कुठंतरी लांब बसला होता.

पौषात, कडाक्याची थंडी असताना, रूळ बसवायचा दिवस आला. हुमनाबादचा गुरुलिंग वेल्डिंगची छोटी मशीन मोटरसायकलला बांधून सकाळी सहालाच आला, कारण नंतर त्याला एका शाळेचं गेट जोडायला जायचं होतं. सळया वीस फुटांच्या, लाईन बत्तीस फुटांची. म्हणजे मध्ये जोड येणार. दोन्ही टोकं गुंडेरावनं आधीच पक्की करायची ठरवली होती, एक ओट्याच्या सिमेंटात, दुसरं हौदाच्या.

गुरुलिंगनं काळा चष्मा वर केला. "काका, जोडात फट ठेवायची का भरून टाकू?"

"भर," गुंडेराव म्हणाला.

ओट्यावर नागप्पा बसला होता. तंबाखूचा हात तोंडापाशी थांबला.

लोखंड थंडीत आखडतं आणि उन्हात वाढतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण गँगवाल्याला ते माहीत असणं वेगळं. थंडीत बसवलेल्या रुळाला उन्हाळ्यात वाढायला जागा ठेवायची असते, नाहीतर भर दुपारी तो वाकतो आणि गाडी खाली जाते. याच एका गोष्टीसाठी गुंडेराव एकतीस उन्हाळे, डोक्याला ओला टॉवेल बांधून, बारा ते चार लाईनवर चालला होता. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. त्याच माणसानं पौषातल्या थंड सकाळी सांगितलं, भर. दोन्ही टोकं सिमेंटात, मध्ये फट नाही. गुरुलिंगनं जोड घासून असा गुळगुळीत केला की बोटाला लागत नव्हता.

नागप्पा त्या दिवशी चहाही न घेता गेला.

मग गाडी रोज सकाळी सहाला सुटू लागली. त्याआधी गुंडेराव लाईन तपासायचा. बत्तीस फूट तपासायला त्याला पाऊण तास लागायचा. उकिडवा बसून, पाऊल-पाऊल सरकत, प्रत्येक स्लीपर दाबून बघायचा. शेवग्याचं पान पडलं असेल तर उचलायचा, मुंग्यांनी भरावात वारूळ काढलं असेल तर माती भरायचा. रात्री मांजर गिट्टी उकरायचं, ती सारखी करायचा. मग बटण. गाडी जायची, यायची, जायची, यायची. दहा खेपा झाल्या की बंद. वरून लाईनवर गोणपाट.

माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्रात ऊन तापलं. लाईनला काही झालं नाही. कारण भिंतीकडेच्या तीन शेवग्यांची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाईनवर असायची. नागप्पा येऊन बसायचा, एकदा वर फांद्यांकडं बघायचा, एकदा गुंडेरावकडं. "ऊन वाढायलंय," म्हणायचा. गुंडेराव म्हणायचा, "हां." नागप्पा आणखी थोडा वेळ थांबायचा, कशाची तरी वाट बघितल्यासारखा. मग उठायचा.

पंचशीलानं गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिला आधी बरं वाटलं. मग तिनं बापाचा चेहरा बघितला. बस थांब्यावर उभा असलेला माणूस दुसऱ्या गावाची बस जाताना जसा बघतो, तसा तो गाडीकडं बघत होता. संध्याकाळी तिनं नवऱ्याला, राजपालला, फोनवर सांगितलं, "यायला छोटी गाडी आणू नको. सामान बसंल अशी आण."

वर्षाचा दिवस आला. आदल्या दिवशी मंडपवाले आले. बांबू उभे करायला शेवग्याच्या फांद्या आड येत होत्या. पंचशीलानं विचारलं, "अप्पा, फांद्या तोडल्या तर चालंल का?"

"चालंल."

आईनं लावलेली झाडं म्हणून तिचाच जीव थोडा खालीवर झाला. बाप मात्र चालंल म्हणाला होता. मंडपवाल्यानं अर्ध्या तासात तिन्ही झाडं बोडकी करून टाकली.

सकाळी साडेनऊला बीदरहून भन्तेजी आले. मंडपात पांढरी चादर, सुभद्राबाईचा फोटो, मोगरा. त्रिशरण, पंचशील झालं, परित्राण पाठ झाला. भन्तेजी बाराच्या आत जेवतात, नंतर नाही, म्हणून स्वयंपाकाची घाई उडाली होती. भोजनदान साडेअकराला उरकलं, भन्तेजी निघाले, मग पंगती बसल्या. दोन पंगती होईपर्यंत एक वाजला. जाण्याआधी पाहुण्यांना अप्पांची गाडी दाखवावी असं राजपालच्या मनात आलं. भला माणूस. सासऱ्याची बॅग त्यानं गाडीच्या डिकीत ठेवली होती, त्याचं त्याला आतून वाईट वाटत होतं; निदान चार लोकांसमोर म्हाताऱ्याचं कौतुक व्हावं.

"मामा, एकदा चालवून दावा की सगळ्यांना."

आजवर गाडी फक्त सकाळी चालली होती. गुंडेराव "हां" म्हणाला, इंजिन उचलून ओट्याच्या टोकाला ठेवलं आणि बटण दाबलं. लाईन त्यानं पहाटे तपासली होती. गोणपाट मात्र मंडपवाल्यांनी आचाऱ्याच्या पातेल्याखाली नेलं होतं, मंडप लाईनच्या अलीकडंच संपत होता, आणि वर आकाश उघडं होतं. दुपारचा एक, वैशाखाचं ऊन, गेले चार तास सरळ लोखंडावर.

तीस-चाळीस लोक हात वाळवत उभे होते. डबा निघाला. मागं दोन वाघिणी. अक्कम्मा म्हणाली, "बघा, कशी म्हशीवानी चाललीय." लाईनच्या मधोमध, गुरुलिंगच्या जोडापाशी, काहीतरी झालं. आवाज फार मोठा नव्हता. स्लीपर उचलल्याचा, गिट्टी खसकल्याचा. दोन्ही रूळ एकदम डाव्या अंगाला चार बोटं सरकले आणि तिथं सापासारखं वळण पडलं. डबा त्या वळणावर आला, आडवा झाला आणि पडला. चाकं हवेत फिरत राहिली.

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. "लागलं का कुणाला?" अंकुशराव म्हणाले, त्यांना गप्प राहवत नाही. पंचशीलानं बापाकडं बघितलं नाही, राजपालकडं बघितलं, म्हणजे आता निघू या.

गुंडेराव वळणापाशी गेला. उकिडवा बसला. जुन्या सवयीनं पूर्ण तळहात रुळावर ठेवला.

"आई गं," तो म्हणाला, आणि हात काढला.

तो हाताकडं बघत राहिला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता. मग त्यानं रुळाकडं बघितलं, ओट्याकडं, हौदाकडं, आणि वर, जिथं फांद्या नव्हत्या. तो सावकाश उठला. नागप्पा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता.

"मुकादम, फट न्हाई ह्यात."

"न्हाई."

"तुमी होता की तवा. ओट्यावर बसला होता."

"होतो."

"पौषात बघितलं आन् आज वैशाख हाय."

"व्हय."

"पाच म्हैने?" गुंडेरावचा आवाज चढला. "पाच म्हैने तंबाखू खात बसलास हितं? नवा पोरगा कामात कच्चा ऱ्हायला तर त्याच्या बापाच्या नावानं शिव्या द्यायचास तू. माझी लाईन उघड्या डोळ्यानं वाकू दिलीस?"

पस्तीस-छत्तीस वर्षांत गुंडेरावनं मुकादमाला तू म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मुकादमानंही नव्हतं.

"बोलणार होतो," नागप्पा म्हणाला. "दर खेपेला बोलणार होतो. मग म्हणलं, सांगितलं आन् तू नुसता हां म्हणलास, तर?" त्यानं तोंडातली तंबाखू कुंपणाबाहेर थुंकली. "ते मला ऐकवलं नसतं, गुंडेराव. रूळ वाकल्याला परवडला."

"परवडला?"

"व्हय."

"शेळी बरी तुझ्यापेक्षा. तिनं झेंडी खाल्ली, पर इच्यार करून तर खाल्ली न्हवती. तू इच्यार करून गप बसलास."

शेळी सगळ्यांना ठाऊक होती, पण ती आज निघाली म्हणजे काय, ते फक्त पंचशीलाला कळलं. आई गेल्यापासून त्या शेळीचं नाव घरात निघालं नव्हतं. ती मंडपातल्या एका खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावून बसूनच राहिली. दोघं म्हातारे भर उन्हात, भाताचं पातेलं मध्ये ठेवून, भांडत होते. स्लीपर कुणी वाकडे बसवले, कमलनगरच्या पुलावर कोण झोपलं होतं, साहेबाच्या ट्रॉलीपुढं कोण पळालं होतं. पाहुणे पान खायला थांबले होते ते तसेच थांबले.

जरा वेळानं ती पट्टी आणि मलम घेऊन आली. बापाला ओट्यावर बसवलं.

"दुखायलंय का?"

गुंडेरावनं खरंच तपासून बघितलं. "मगाशी लई दुखलं. आता कमी हाय."

"बॅग गाडीत ठेवलीय अप्पा. निघायचं का?"

"न्हाई."

ती पट्टी गुंडाळायची थांबली.

"ही लाईन अशी टाकून मी जात न्हाई," तो म्हणाला. "उखडायची हाय. जोड कापायचा, टोकं सोडवायची, परत बांधायची. आन् ते थंडीत न्हाई करायचं, भर उन्हातबी न्हाई. बघून करायचं."

"किती दिवस लागतील?"

"दिवस कसले? लाईन हाय ती. असंल तवर बघावी लागती."

"मग बीदरचं?"

"येत जाईन की दोन दिवस. राह्यला न्हाई. मला न्हाई यायचं, पंचू." पट्टीचं टोक त्यानं स्वतःच धरून दिलं. "तुला वाईट वाटलं तर वाटू दे. मला न्हाई यायचं."

पंचशीलानं पट्टीला गाठ मारली, जरा जास्तच घट्ट. राजपालला हाक मारून सांगितलं, बॅग उतरव. राजपाल म्हणाला, "एकदा नक्की ठरवा. सकाळपासून दोनदा उचलली मी. ह्यात मामांनी पाना भरलाय काय की." बॅग उतरली. पाचला दोघांची गाडी निघाली ती सामानाची जागा रिकामी ठेवूनच निघाली. निघताना तिनं अक्कम्माला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि अक्कम्मानं मान डोलावली.

लोक गेल्यावर गुंडेराव परत तसाच झाला. ओट्यावर बसून राहिला, अक्कम्मानं जेवायला हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही. ऊन उतरलं. लोखंड निवलं की थोडं आखडतं, पण एकदा वाकलेला रूळ आपोआप सरळ होत नाही, तो कापावाच लागतो. अंधार पडेपर्यंत तो त्या वळणाकडं बघत होता. तोंडावर काही नव्हतं. हाताला पट्टी होती, तिच्याखाली ठणकत होतं, आणि तो मधून मधून ती बोटं हळूच मिटून-उघडून बघत होता.

सकाळी सहाला नागप्पा लोखंड कापायची करवत घेऊन आला. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. नागप्पानं सळई धरली, गुंडेरावनं डाव्या हातानं कापायला घेतलं, जमेना, मग नागप्पानं कापली. आता फट किती ठेवायची? नागप्पा म्हणाला, करवतीच्या पात्याएवढी बास. गुंडेराव म्हणाला, बत्तीस फुटाला पात्याएवढी फट ठेवतोस, तुला मुकादम कुणी केला?

"मग किती?"

"तीन पाती."

"तीन पात्यात चाक अडकंल."

"न्हाई अडकत. दोन जोड करू. दोन्हीकडं दोन-दोन पाती."

"मग ती चार झाली की."

"चार तर चार. माझी लाईन हाय."

नागप्पानं सळई खाली ठेवली आणि तंबाखूची डबी काढली. अक्कम्मा चहा घेऊन कुंपणापाशी आली तेव्हा दोघांचं अजून ठरलेलं नव्हतं.